साभार परत आल्यानंतर

माझ्या कथासंग्रहाचे हस्तलिखित तिसऱ्या प्रकाशकाकडून साभार परत आले, तेव्हा त्याच्यासोबत नेहमीचे दोन ओळींचे छापील पत्र नव्हते. चौथ्या कथेच्या उपान्त्य पानावर शिसपेन्सिलीने एक आडवी रेघ ओढलेली होती आणि समासात बारीक अक्षरात तीनच शब्द लिहिलेले होते : ‘कथा इथे संपली.’ आईच्या मृत्यूनंतर मुलगी घरी परत येते, टेबलावरचा आईचा चष्मा रुमालाने पुसते, त्याच्या काड्या मिटते आणि तो होता त्याच जागी ठेवते, एवढा मजकूर रेघेच्या अलीकडे होता. रेघेच्या पलीकडे माझी कथा आणखी दीड पान चालली होती आणि त्या दीड पानात त्या मुलीला नेमके काय वाटले ते मी वाचकाला सविस्तर समजावून सांगितले होते. ते दीड पान लिहायला मला आठवडा लागला होता आणि संपूर्ण संग्रहातले ते सर्वांत उत्कट पान आहे अशी माझी समजूत होती. हस्तलिखित वाचलेल्या सात-आठ स्नेह्यांपैकी एकालाही ते खटकले नव्हते, किंवा खटकले असूनही त्यांनी मला तसे सांगितले नव्हते.

त्याच महिन्यात दुसऱ्या एका प्रकाशनसंस्थेचे स्वीकृतीपत्र माझ्या हाती आले होते. हस्तलिखित पाठवल्यापासून ते नवव्या दिवशी आले. माझ्या कथा हृदयस्पर्शी आहेत, शैली ओघवती आहे आणि असे लेखन वाचकांपर्यंत पोहोचलेच पाहिजे, असे त्यात लिहिले होते. मी ते पत्र चार वेळा वाचले आणि चारही वेळा डोळे भरून आले. पाचव्यांदा वाचताना लक्षात आले की, त्यात माझ्या एकाही कथेचे नाव नव्हते, एकाही पात्राचा उल्लेख नव्हता; तीच विशेषणे एखाद्या प्रवासवर्णनालाही लागू पडली असती आणि एखाद्या कवितासंग्रहालाही. शेवटच्या परिच्छेदात ‘लेखकाचा सहभाग’ या शब्दांखाली खरी मेख होती : छपाईपूर्वी मी तीनशे प्रती विकत घ्यायच्या होत्या आणि त्यांची रक्कम करारावर सही करताना भरायची होती.

हे दोन कागद कित्येक दिवस माझ्या टेबलावर शेजारी शेजारी पडून होते. एकात नकार होता आणि दुसऱ्यात होकार; पण नकार देणाऱ्याने माझी कथा शेवटच्या ओळीपर्यंत वाचली होती, तर होकार देणाऱ्याने ती उघडली तरी होती की नाही, याची मला आज शंका वाटते. प्रकाशकाकडे जावे की पुस्तक आपले आपणच काढावे, हा प्रश्न माझ्यासारखाच प्रत्येक पहिलटकर लेखकाला पडतो आणि बहुतेक वेळा तो ‘कोण छापेल?’ या शब्दांत पडतो. त्या दोन कागदांनी मला तो दोन वेगळ्या प्रश्नांत विभागायला शिकवले. छापण्यापूर्वी माझ्या मजकुराला ‘नाही’ कोण म्हणणार आणि छापल्यानंतर प्रती पडून राहिल्या तर नुकसान कोण सोसणार, हे ते दोन प्रश्न. या लेखात मला जे सांगायचे आहे ते सारे या दोन प्रश्नांभोवतीच फिरते.

नुकसानीचा प्रश्न आधी घेते, कारण तो सोपा आहे. पारंपरिक प्रकाशनात संपादन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी आणि वितरण यांचा सगळा खर्च प्रकाशक करतो, पुस्तक खपले नाही तर तोटा त्याचा असतो आणि खपले तर लेखकाला ठरलेले मानधन किंवा रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला टक्केवारीचा वाटा, मिळते. स्वयंप्रकाशनात हा खर्च लेखक पदरमोड करून उचलतो, तोटा त्याचाच असतो आणि त्याबदल्यात पुस्तकाचे सर्व हक्क, सर्व निर्णय आणि उरेल ती कमाईही त्याचीच असते. हे दोन्ही व्यवहार सरळ आहेत. तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला असल्याचे भासवतो : त्यात पैसे लेखकाचे असतात, नाव प्रकाशकाचे असते आणि हक्क पुष्कळदा प्रकाशकाकडेच जातात. तो ओळखण्याची खूण मला अनुभवाने कळली. समोरच्या संस्थेची कमाई वाचकाकडून होते की लेखकाकडून, हे पाहायचे. जिची कमाई करारावर सही होतानाच पूर्ण होते, तिला पुढे एकही प्रत विकण्याची गरज उरत नाही.

अशा संस्था नव्या लेखकाच्या अज्ञानाचीही किंमत लावतात. मला आलेल्या प्रस्तावात ‘लेखकाला कॉपीराइट मिळवून देणे’ ही एक स्वतंत्र सेवा म्हणून मोजलेली होती. वस्तुतः १८८६ मध्ये झालेल्या बर्न करारातून जे तत्त्व पुढे जगभर रुजले, त्यानुसार कॉपीराइट कृती निर्माण होताच लेखकाचा होतो आणि त्यासाठी कुठल्याही औपचारिकतेची अट घालता येत नाही. नोंदणीचा काही देशांत न्यायालयीन वादात उपयोग होतो, हे खरे. पण नोंदणी केली नाही म्हणून हक्क जात नाही. आपल्या वहीत आपण लिहिलेली कथा आपलीच असते, हे सांगण्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर पुढचा कागद वाचण्यातही अर्थ नाही.

जोखीम कुणी घ्यावी या प्रश्नाचा विचार करताना मला जेन ऑस्टिनचे उदाहरण सर्वांत बोलके वाटते, कारण एकाच लेखिकेने, एकाच प्रकाशकाबरोबर, दोन्ही मार्ग पाठोपाठ चोखाळून पाहिले. १८११ मध्ये टॉमस एगर्टन या लंडनमधल्या प्रकाशकाने तिची ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ काढली ती कमिशनच्या पद्धतीने. म्हणजे छपाईचा खर्च आणि तोट्याची जबाबदारी लेखिकेची, आणि प्रकाशकाला विक्रीवर त्याचे कमिशन. तोटा होणारच असे गृहीत धरून तिने आपल्या बेताच्या उत्पन्नातून तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवली होती. प्रत्यक्षात पहिली आवृत्ती संपली आणि तिला १४० पौंड मिळाले. परंतु हा हिशेब पूर्ण होण्यापूर्वीच, १८१२ च्या अखेरीस, तिने ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे सर्व हक्क त्याच एगर्टनला ११० पौंडांना विकून टाकले होते. तिला १५० हवे होते. १८१३ मध्ये ती कादंबरी आली, त्याच वर्षी तिची दुसरी आवृत्ती निघाली आणि त्या आवृत्तीतून लेखिकेच्या हाती काहीही पडले नाही.

गोष्ट इथे थांबवली तर ती स्वयंप्रकाशनाच्या बाजूची ठरते, आणि पुष्कळ जण ती इथेच थांबवतात. पुढचा भागही सांगायला हवा. त्यानंतर ऑस्टिनने हक्क विकणे सोडून दिले. जॉन मरी या प्रकाशकाने ‘एमा’सह तीन कादंबऱ्यांच्या हक्कांसाठी ४५० पौंड देऊ केले, तेही तिने नाकारले आणि ‘एमा’ स्वतःच्या जोखमीवर काढली. त्याच्या पाठोपाठ ‘मॅन्सफील्ड पार्क’ची दुसरी आवृत्तीही त्याच पद्धतीने निघाली, ती पडून राहिली आणि ‘एमा’चा बहुतेक नफा तिच्या तोट्यात गेला. ज्या लेखिकेची पुस्तके दोनशे वर्षे वाचली जात आहेत, तिलाही कुठल्या पुस्तकावर पैसे लावावेत आणि कुठल्यावर लावू नयेत हे आधी कळले नव्हते. जोखीम दुसऱ्यावर सोपवण्याची किंमत असते आणि स्वतः घेण्याचीही असते. तोट्याची रक्कम आधीच बाजूला काढून ठेवण्याचा तिचा शहाणपणा मात्र मला आजच्या प्रत्येक नव्या लेखकाने उचलावा असा वाटतो. जी रक्कम गेली तरी घर डळमळणार नाही, तेवढीच पुस्तकात घालावी.

टक्केवारीच्या तुलनेने नवा लेखक फार लवकर हुरळून जातो, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. अॅमेझॉनने २००७ मध्ये किंडल हे ई-पुस्तके वाचण्याचे उपकरण बाजारात आणले आणि लेखकांना आपले पुस्तक तिथे थेट चढवण्याची सोय केली. २०१० मध्ये ठरावीक किंमतमर्यादेतल्या ई-पुस्तकांसाठी ७० टक्के रॉयल्टीचा पर्यायही दिला. दुसरीकडे पारंपरिक करारात छापील पुस्तकावर दहा टक्क्यांच्या आसपासचा आकडा सर्रास दिसतो. ७० आणि १० हे आकडे शेजारी ठेवले की निर्णय झालाच असे वाटते. पण त्या ७० टक्क्यांतून लेखकाने संपादकाचे, मुद्रितशोधकाचे, चित्रकाराचे आणि जाहिरातीचे पैसे आधीच दिलेले असतात, आणि दहा टक्क्यांच्या मागे ते सगळे पैसे दुसऱ्याने घातलेले असतात.

शिवाय दहा टक्के कशाचे, हा प्रश्न करारात दडलेला असतो. छापील किंमत १०० धरली आणि रॉयल्टी छापील किमतीवर असली, तर लेखकाला प्रतीमागे १० मिळतात. परंतु करारात ‘प्रत्यक्ष प्राप्त रकमेवर’ असे शब्द असतील आणि प्रकाशकाने वितरकाला ५० टक्के सवलत दिली असेल, तर प्रकाशकाच्या हाती ५० येतात आणि लेखकाच्या हाती ५. टक्केवारी तीच राहते, कमाई निम्मी होते. या तीन शब्दांच्या फरकाकडे मी स्वतः पहिल्या वाचनात साफ दुर्लक्ष केले होते.

करारातले दुसरे कलम हक्क परत मिळण्याचे. पूर्वी पुस्तक बाजारात उपलब्ध नसले की ठरावीक मुदतीनंतर हक्क लेखकाकडे परत येत आणि ते पुरेसे होते, कारण आवृत्ती संपली की पुस्तक खरोखरच दिसेनासे होई. आता मागणीनुसार एकेक प्रत छापता येते आणि ई-पुस्तक कायम उपलब्ध असते. त्यामुळे ‘उपलब्ध नसणे’ ही अवस्था येतच नाही आणि वर्षाला दोन प्रती खपणाऱ्या पुस्तकाचे हक्कही प्रकाशकाकडे अडकून राहू शकतात. म्हणून हक्क परत येण्याची अट विक्रीच्या आकड्याशी बांधून घ्यावी : सलग अमुक काळात अमुक प्रतींपेक्षा कमी खप झाला तर हक्क लेखकाकडे. भाषांतर, श्राव्य पुस्तक, चित्रपट यांचे हक्क एका वाक्यात उरकलेले असतील तर ते सुटे करून मागावेत. आणि पुढचे पुस्तक याच प्रकाशकाला आधी दाखवण्याचे बंधन असेल, तर उत्तर देण्याची मुदत त्यात लिहून घ्यावी. हे मागितल्याने प्रकाशक चिडेल अशी भीती मला वाटत होती. चांगल्या प्रकाशकाला असे प्रश्न नवे नसतात, आणि जो एवढ्याने चिडतो त्याच्याबरोबर पुढची दहा वर्षे काढायची आहेत, हे आधीच कळलेले बरे.

आता पहिल्या, म्हणजे छापण्यापूर्वी ‘नाही’ कोण म्हणणार या, आणि माझ्या दृष्टीने अधिक अवघड प्रश्नाकडे येते.

हार्पर ली या अमेरिकन लेखिकेने १९५७ मध्ये आपली पहिली कादंबरी लिपिनकॉट या प्रकाशनसंस्थेकडे दिली. तिथल्या संपादिका टे हॉहॉफ यांना लेखणीत जीव दिसला, पण पुस्तक म्हणून ते अजून उभे राहिलेले नव्हते. त्या हस्तलिखितात मोठी झालेली नायिका आपल्या गावी परतते आणि अधूनमधून तिला बालपणीचे प्रसंग आठवतात. खरी कादंबरी त्या बालपणात आहे, असे संपादिकेचे मत पडले. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ पुनर्लेखन चालले आणि १९६० मध्ये ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. मूळ हस्तलिखित २०१५ मध्ये ‘गो सेट अ वॉचमन’ या नावाने छापले गेल्यामुळे आज दोन्ही पुस्तके वाचकाला शेजारी ठेवून पाहता येतात. मी ती तशी पाहिली आहेत. १९५७ मध्ये एक कळ दाबून पुस्तक प्रसिद्ध करण्याची सोय लीच्या हाताशी असती आणि तिने ती वापरली असती, तर आपल्याला फक्त पहिले पुस्तक मिळाले असते, आणि दुसरे त्याच्या पोटात होते हे कधी कुणाला कळलेही नसते.

स्वयंप्रकाशनातला सर्वांत मोठा धोका मला इथे दिसतो. पैसे बुडतात त्याचे दुःख होते, पण ते भरून निघते. ज्या मजकुराला कुणी ‘अजून नाही’ म्हणालेच नाही, तो मजकूर तसाच आपल्या नावावर कायमचा राहतो. स्नेही हे काम करू शकत नाहीत, कारण त्यांचे आपल्यावर प्रेम असते आणि ते पुस्तकापेक्षा आपल्याला सांभाळतात. पैसे घेऊन छापणारी संस्था ते करणार नाही, कारण ‘नाही’ म्हणण्यात तिचे नुकसान आहे. प्रकाशकाच्या संपादकाला मात्र पुस्तकावर आपल्या संस्थेचे पैसे लावायचे असतात, म्हणून त्याचा प्रत्येक आक्षेप हा आपल्या पुस्तकावरचा आक्षेप असला तरी त्यामागे पुस्तक उभे राहावे अशी इच्छाच असते.

संपादकांचा निर्णय नेहमी बरोबर असतो, असे मी मुळीच म्हणत नाही. मार्सेल प्रूस्तच्या महाकादंबरीचा पहिला खंड अनेक प्रकाशकांनी नाकारला आणि अखेर १९१३ मध्ये ग्रासे या प्रकाशनसंस्थेने तो लेखकाच्याच खर्चाने छापला. नाकारणाऱ्यांत आंद्रे जीद हा नामवंत फ्रेंच लेखकही होता. पुढच्याच वर्षी त्याने प्रूस्तला पत्र लिहून त्या नकाराबद्दल खेद व्यक्त केला. नकार मिळालेल्या प्रत्येक लेखकाला हे उदाहरण आवडते आणि मलाही त्याने वाईट दिवसांत धीर दिला आहे. परंतु प्रूस्तपाशी वडिलोपार्जित संपत्ती होती, हवा तेवढा वेळ होता आणि छापील मुद्रितांवरही पानेच्या पाने नव्याने लिहिण्याची निर्दय वृत्ती होती. तो स्वतःच्या मजकुराला सतत ‘अजून नाही’ म्हणत असे. आपल्याला नकार मिळाला एवढ्या साम्यावर आपण त्याच्या पंगतीत बसत नाही.

हा ‘नाही’ प्रकाशकाबाहेरही मिळवता येतो, आणि स्वयंप्रकाशनाचा मार्ग ज्याला प्रामाणिकपणे चालायचा आहे त्याने तो मिळवलाच पाहिजे. अँडी वियरने आपली ‘द मार्शन’ आधी प्रकरणाप्रकरणाने स्वतःच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केली, तेव्हा तिथले वाचक त्याला विज्ञानातल्या चुका दाखवत गेले आणि तो त्या दुरुस्त करत गेला. २०११ मध्ये त्याने तिचे ई-पुस्तक स्वतः काढले आणि २०१४ मध्ये क्राउन या प्रकाशनसंस्थेने ती छापली. ज्याच्यापाशी असे जागे वाचक नाहीत, त्याने स्वतंत्रपणे काम करणाऱ्या संपादकाला पैसे देऊन नेमावे. संपादन आणि मुद्रितशोधन ही दोन वेगळी कामे आहेत, हे इथे आवर्जून सांगते, कारण पुष्कळ नवे लेखक ऱ्हस्व-दीर्घ तपासून घेतात आणि पुस्तक संपादित झाले असे समजतात. मुद्रितशोधक माझ्या त्या दीड पानातले अनुस्वार आणि विरामचिन्हे निर्दोष करून देईल. ते दीड पान काढून टाका, असे तो सांगणार नाही आणि ते त्याचे कामही नव्हे. हाती मोजकेच पैसे असतील तर ते आधी संपादकाला द्यावेत, मग मुद्रितशोधकाला, मग मुखपृष्ठाला, आणि जाहिरातीसाठी उरले तर उरले.

स्वतः पुस्तक काढणे म्हणजे काय काय अंगावर घेणे, हे मला कळावे म्हणून मी माझी एक दीर्घकथा चाचणी म्हणून मागणीनुसार छपाईच्या पद्धतीने छापून घेतली. या पद्धतीत एक प्रतही छापता येते, साठा करावा लागत नाही. मात्र ऑफसेट छपाईत प्रती वाढतील तसा प्रतीमागचा खर्च उतरतो, तसा तो इथे उतरत नाही. प्रत आली तेव्हा मुखपृष्ठ पाहून मला आनंद झाला आणि आत उघडून पाहिल्यावर मी गप्प बसले. बांधणीकडच्या बाजूला पुरेसा समास सोडलेला नव्हता. त्यामुळे डाव्या पानावर प्रत्येक ओळीचा शेवटचा आणि उजव्या पानावर पहिला शब्द पुस्तकाच्या कण्यात बुडत होता आणि तो वाचण्यासाठी पुस्तक दोन्ही हातांनी दाबून उघडावे लागत होते. कण्याची रुंदी पानांच्या संख्येवर आणि कागदाच्या जाडीवर ठरते, हे मला ठाऊक नव्हते. कण्यावरचे शीर्षक घसरून मुखपृष्ठाच्या कडेवर आले होते. एका परिच्छेदाची शेवटची एकच ओळ एकवीस क्रमांकाच्या पानाच्या माथ्यावर एकटी पडली होती. मी मजकूर जुन्या फाँटमधून आणलेला असल्याने काही जोडाक्षरे फुटून त्यांचे पाय मोकळे झाले होते. हे सगळे दुरुस्त करायला मला तीन चाचणी प्रती आणि दोन महिने लागले. त्या काळात मी पुष्कळ शिकले आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्या दोन महिन्यांत मी नवे एक वाक्यही लिहिले नाही.

आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकाची, गोष्टही याच काळात समजली. २००७ पासून तेरा अंकी असलेला हा क्रमांक पुस्तकाच्या प्रत्येक रूपाला, म्हणजे कागदी बांधणीला, पुठ्ठा बांधणीला आणि ई-पुस्तकाला, वेगळा लागतो. आणि छपाईची सोय देणाऱ्या मंचाचा फुकट क्रमांक घेतला, तर नोंदीत प्रकाशक म्हणून त्या मंचाचे नाव लागू शकते. आपले पुस्तक आपणच काढले असे म्हणायचे असेल, तर क्रमांकही आपल्या नावाने घ्यावा.

याउलट पारंपरिक मार्गाची खरी किंमत वेळेत मोजावी लागते. माझ्या पहिल्या प्रकाशकाकडून आठ महिने काहीच कळले नाही. स्वीकार झाला असता तरी छापील प्रत हाती यायला आणखी वर्ष-दीड वर्ष सहज गेले असते. त्या आठ महिन्यांत माझा जीव टांगणीला लागला होता, रोज सकाळी मी टपाल पाहत होते, आणि उत्तर येईपर्यंत पुढचे लेखन करायचे नाही असे जणू मी स्वतःशी ठरवूनच टाकले होते. उशीर प्रकाशकाचा होता, पण लेखन थांबवण्याचा दोष पूर्णपणे माझा होता आणि त्याची रुखरुख मला आजही आहे.

कुठला मार्ग कुणासाठी, याबद्दल आता माझे मत पक्के होत आले आहे आणि ते लेखकावरून नव्हे तर पुस्तकावरून ठरवावे असे आहे. ज्या पुस्तकाचा वाचक लेखकाला आधीच ठाऊक आहे, म्हणजे एखाद्या दुर्मीळ आजाराच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्यांसाठीचे पुस्तक, एखाद्या हस्तव्यवसायाचे बारकावे सांगणारे पुस्तक, किंवा ज्याचे लेखन हजारो लोक आधीपासून वाचत आहेत अशा लेखकाचे पुस्तक, ते स्वतः काढण्यातच शहाणपण आहे. तिथे प्रकाशक वाचकाशी नव्याने ओळख करून देत नाही आणि कमाईत वाटा मात्र घेतो. कथा-कादंबरीच्या नव्या लेखकाची स्थिती वेगळी असते. त्याला कुणी ओळखत नाही आणि त्याच्या पुस्तकाची कुणाला गरजही नसते. ते हाती घेण्यासाठी वाचकाला कुणाची तरी ग्वाही लागते आणि चांगल्या प्रकाशकाचे नाव ही ती ग्वाही असते. ग्रंथालये, परीक्षणे आणि पुरस्कार यांची दारेही अजून बऱ्याच अंशी त्याच नावाने उघडतात. बुकर पारितोषिकासाठी तर लेखकाने स्वतः प्रकाशित केलेले पुस्तक विचारातच घेतले जात नाही. हे न्याय्य आहे असे मला वाटत नाही, पण निर्णय घेताना ते ठाऊक असावे.

माझ्या परिचयाच्या एका कवीने स्वखर्चाने पाचशे प्रती छापून घेतल्या होत्या. त्यांच्याकडे गेले असता त्यांनी पलंगाखालचा एक खोका ओढून मला प्रत काढून दिली, तेव्हा खोक्यावरची चिकटपट्टी पहिल्यांदाच फाटत होती. कविता चांगल्या होत्या, त्यांतल्या दोन मला आजही पाठ आहेत. त्यांना प्रकाशक नव्हता, इतकेच कारण मी तेव्हा मनाशी धरले होते. आज वाटते की छपाईचा सगळा खर्च करून झाल्यावर त्या पाचशे प्रती कुणापर्यंत आणि कशा जाणार, याचा विचार करायला त्यांच्याजवळ कुणी बसलेच नाही.

‘लेखकाच्या सहभागा’च्या पत्राला मी नकार कळवला. शिसपेन्सिलीची रेघ ओढणाऱ्या संपादकांना मी पत्र लिहिले, त्या रेघेबद्दल आभार मानले आणि संग्रहावर पुन्हा काम केले तर तो आपण पुन्हा पाहाल का, असे विचारले. एका शब्दाचे उत्तर आले : ‘पाठवा.’ पाच महिने मी त्या कथांवर बसले. अकरापैकी दोन काढून टाकल्या, एकीचा निवेदक बदलला, आणि ज्या ज्या ठिकाणी मी वाचकाचा हात धरून त्याला अर्थाकडे ओढत होते, ती ठिकाणे एकेक करून शोधली. ती अनेक होती. गेल्या आठवड्यात हस्तलिखित रवाना झाले. आजपासून सहा महिन्यांनंतरची तारीख मी दिनदर्शिकेवर लिहून ठेवली आहे. तोवर उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर एका स्वतंत्र संपादकाशी आणि एका चित्रकाराशी बोलणे झालेले आहे आणि त्यासाठीची रक्कम मी वेगळी ठेवली आहे. नव्या कथेची तीन पाने लिहून झाली आहेत.

चौथी कथा आता चष्म्यापाशी संपते.